मेहनत आणि खुराक

गेल्या वर्षी भाचीच्या घरी सत्यनारायण होता. कथा ऐकायला मी सतरंजीवर ऐसपैस मांडी घालून बसलो. आरती सुरू झाली, मंडळी उभी राहिली. मी मात्र बसलेलाच! गुडघे दुखत नव्हते, पण मांड्यांत जोरच येईना. शेवटी भाचेजावयांनी काखेत हात घालून उठवले. "मामा, सावकाश," ते म्हणाले. त्या दोन शब्दांनी मी जेवढा म्हातारा झालो, तेवढा साठीशांतीच्या दिवशीही झालो नव्हतो.

नवल याचे की, निवृत्तीपासून मी रोज तासभर फिरतो आणि रात्री हलके खातो. आपल्याकडे ज्येष्ठांना जे दोन उपदेश मिळतात, ते दोन्ही मी निष्ठेने पाळत होतो. डॉक्टरांनी हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगितले. तिसऱ्या वेळी माझे हात आपोआप खुर्चीच्या दांड्यांवर गेले. डॉक्टर म्हणाले, "चालण्याने हृदयाचे भले झाले. स्नायूंना मात्र तुम्ही ना काम दिलेत, ना अन्न."

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला हा हिशेब कळायला हवा होता. चाळिशीच्या आसपास स्नायूंच्या खात्यातून थोडे थोडे वजा होऊ लागते. साठीनंतर वेग वाढतो. वजनकाट्यावर ते दिसत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते. पण हे खाते बंद कधीच होत नाही. बोस्टनमधल्या एका वृद्धसेवा केंद्रात नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना वजनांचा व्यायाम देण्यात आला. एकाने मध्येच सोडला. उरलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद आठ आठवड्यांत सरासरीने दुपटीहून अधिक झाली. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. तरी आपण अजून 'वय झालं' म्हणून मोकळे होतो.

माझे काका कोल्हापुरात तालमीत जात. तिथे मेहनत आणि खुराक हे शब्द जोडीनेच उच्चारले जात. जोर-बैठका सुटल्या, पण तूप-बदाम सुटले नाहीत, अशा पैलवानांची सुटलेली पोटे मी पाहिली आहेत. खुराकाविना मेहनत करणाराही झिजतोच.

मी माझ्या ताटाचा हिशेब मांडला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. माझे वजन ६४ किलो. म्हणजे साधारण ५३ ग्रॅम. चहा-बिस्किटे, पातळ वरण, दोन पोळ्या आणि रात्रीचा दूधभात यांची बेरीज जेमतेम ३० वर आली. तूट भरायला महागड्या पावडरीचा डबा लागला नाही. मोड आलेली मटकी, घट्ट वरण, पिठले, दही, मूठभर शेंगदाणे आणि एक अंडे पुरले. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रथिने वाढवावीत.

सोबत आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात लावून जोर, आणि दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. श्वास कोंडायचा नाही, घाई करायची नाही.

हा हिशेब मांडताना सौभाग्यवतींचे ताट प्रथमच नीट पाहिले. सगळ्यांचे झाल्यावर उरलेले वरण आणि सकाळची पोळी! आयुष्यभर घराची हाडे ज्यांनी सांभाळली, त्यांचीच हाडे आपण उपाशी ठेवली. आता उसळ आधी त्यांना वाढली जाते, आणि उठबस दोघांची एकत्र होते.

मुलांनाही एक विनंती आहे. "राहू द्या बाबा, मी उचलतो," यात माया असते. पण रोजची पिशवी काढून घेतलीत, की तेवढी ताकदही जाते. जड ओझे जरूर घ्या. भाजीची पिशवी आमच्याकडेच राहू द्या.

यंदाही भाचीकडे पूजा झाली. आरतीला भाचेजावई पुढे सरसावले. मी मानेनेच 'नको' म्हटले, गुडघ्यावर हात टेकला आणि उठलो. हात अजून टेकावा लागतो. पण तो माझा स्वतःचा असतो.