भार म्हणजे फॉल्ट नव्हे

मी गोदीत ओझी हलवतो. शिक्षण मॅट्रिक, म्हणजे आजची दहावी. कविता लिहितो, त्या छापूनही येतात, पण त्यांच्यावर चूल पेटत नाही. आणि आज मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या एका प्रोफेसरावर, आणि विद्यापीठात कसं शिकवावं ह्यावर लिहिणार आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या.

कारण घरातलंच आहे. माझा मावसभाऊ. आम्ही पाटण तालुक्यातले, जिल्हा सातारा. कोयनेच्या विजेच्या तारा आमच्या डोक्यावरून गेल्या, आणि आमच्या वाड्यात दिवा लागला तेव्हा आजा म्हातारा झाला होता. त्या वाड्यातनं इलेक्ट्रिकलला गेलेला हा पहिला पोरगा. कॉलेजचं नाव सांगत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीची सुटल्यासारखी होतात. रात्री पेट्रोल पंपावर ड्युटी, सकाळी लेक्चर. हजेरी कमी भरली. दोन केटी, मग वायडी. तोंडी परीक्षेला सायबानं विषयावर एक प्रश्न विचारला आणि आडनावावर तीन. पोरगा बॅग उचलून थेट मुंबईला आला. मुकादमाला सांगून मी त्याला आमच्या टोळीत घेतला.

एका रात्रपाळीला बोटीत ट्रान्सफॉर्मर चढवायचा होता. वायररोप बांधून झाले, क्रेन यायला उशीर होता. त्याच्याच आडोशाला आम्ही बिड्या पेटवल्या. मी म्हणालो, "लेका, तू शिकत होतास त्ये ह्येच ना?" तो म्हणाला, "दादा, ह्ये नुसतं ओझं हाय. मी शिकत व्हतो त्ये ओझं कुठलं आन् बिघाड कुठला, ह्ये वळखायला."

मग त्यानं मला 2012 सालची गोष्ट सांगितली. 30 जुलैच्या पहाटे उत्तर भारताची वीज गेली. 31 जुलैला दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीनही ग्रीड एकदम झोपली. साठ कोटींवर माणसं अंधारात. रेल्वे जागच्या जागी, खाणीत मजूर अडकलेले. आपल्याकडं पश्चिमेला दिवे राहिले म्हणून आपण पेपरात वाचलं आणि विसरलो. पण हे सुरू कुठनं झालं? बीना ते ग्वाल्हेर ही 400 के.व्ही.ची लाईन तुटली तिथनं. तार तुटली नव्हती. शॉर्टसर्किट नव्हतं. चौकशी झाली, नोंदी तपासल्या, फॉल्ट कुठंच सापडला नाही. लाईनवर भार फार झाला होता, आणि तिच्यावर राखणीला बसवलेल्या रिलेनं त्या भारालाच फॉल्ट समजून लाईन कापली. बाकीच्या लाईनींवर तो भार पडला, त्याही कापल्या गेल्या, आणि सगळं कोसळलं.

हे कसं होतं ते समजून घ्या, कारण पुढं तेच आपल्यावर येणार आहे. रिले म्हणजे पहारेकरी. तो लाईनचा दाब मोजतो, प्रवाह मोजतो आणि दाबाला प्रवाहानं भागतो. भागाकार लहान आला की समजतो, जवळ कुठंतरी फॉल्ट आहे, काप. पण लाईनीवर भार फार चढला तरी दाब खाली बसतो, प्रवाह वाढतो, भागाकार लहानच येतो. राबणारी लाईन आणि बिघडलेली लाईन पहारेकऱ्याला सारखीच दिसते. साहेब लोक त्याला 'लोड एन्क्रोचमेंट' म्हणतात. आम्ही गोदीत म्हणतो, वाकलेल्याला चोर समजणं.

हा पहारेकरी शहाणा कसा करायचा ह्यावर ज्यानं आयुष्य घातलं तो प्रोफेसर म्हणजे अरुण फडके. जन्म 1938, गाव ग्वाल्हेर. होय, जिकडं जाणारी लाईन तुटली तेच ग्वाल्हेर. 1959 साली खरगपूरच्या आय.आय.टी.तून इंजिनिअर. ती आय.आय.टी. उभी राहिली ती इंग्रजांच्या हिजली बंदिछावणीत. पुढं अमेरिका, 1964 साली विस्कॉन्सिनची पीएच.डी. पण नंतर लगेच खुर्ची पकडून बसला नाही. अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर ह्या वीजकंपनीत वर्षानुवर्षं काम केलं, खऱ्या लाईनींवरचे रिले कॉम्प्युटरनं कसे चालवायचे ते तिथं शोधलं. आणि 1982 साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठात शिकवायला आला. आधी काम, मग व्यासपीठ.

आडनाव ऐकून टोळीतल्या एकानं नाक मुरडलं. मी त्याला म्हणालो, गड्या, वीज कुणाच्या बापाची नाही आणि ज्ञानही नाही. आडनाव बघून माणूस कापायला आपण काय परीक्षक आहोत?

ह्या माणसानं केलं काय? अल्टरनेटिंग करंटला नुसता आकार नसतो, कोनही असतो. भाराचा कोन लहान असतो, फॉल्टचा मोठा. नुसता आकडा बघणारा फसतो. कोन बघणाऱ्याला भार आणि फॉल्ट वेगळे दिसतात. पण शेकडो मैल लांब असलेल्या दोन ठिकाणांचे कोन ताडून बघायचे तर दोन्हीकडं घड्याळ एकच पाहिजे. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर आपल्या 50 सायकलच्या विजेत कोन 0.018 अंशानं हुकतो, इतकं बारीक घड्याळ. ते मिळालं उपग्रहांवरून. 1988 साली व्हर्जिनिया टेकच्या प्रयोगशाळेत फडके, त्यांचे सहकारी जेम्स थॉर्प आणि त्यांची पोरं, सगळ्यांनी मिळून ते यंत्र उभं केलं. त्याचं नाव फेजर मेझरमेंट युनिट. सगळ्या टोकांचं, एकाच क्षणी, आकार आणि कोन दोन्ही मोजणारं यंत्र. 2008 साली फडके आणि थॉर्प ह्यांना बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळालं. आज भारतासकट जगभरच्या ग्रीडवर ही यंत्रं बसलेली आहेत.

आणखी दोन गोष्टी त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी सांगितल्या. एक, रिलेची सेटिंग कायमची ठोकून ठेवू नका. ग्रीडची हालत बदलली की सेटिंग बदला. दोन, पहारेकऱ्यातच लपलेला दोष असतो. एरवी तो दिसत नाही, ताण आला की बाहेर पडतो आणि चांगली लाईन कापतो. म्हणून लाईन तपासण्याआधी रिले तपासा.

हे सगळं त्यांनी तारांबद्दल सांगितलं, माणसांबद्दल नाही. माणसांपर्यंत मी आणतोय. जबाबदारी माझी.

आता मला सांगा, विद्यापीठाचा पहारेकरी काय मोजतो? मार्क. हजेरी. म्हणजे नुसता आकडा. पोरगा कुठनं निघाला, पाठीवर काय घेऊन आला, कुठल्या दिशेला चाललाय, हा त्याचा कोन. तो मोजायला कुणाकडं यंत्र नाही. रात्रभर पंपावर उभं राहून सकाळी लेक्चरला बसणारा पोरगा आणि कँटीनमध्ये पत्ते कुटणारा पोरगा, दोघांची हजेरी सारखीच कमी भरते. पहारेकरी दोघांना कापतो. पत्तेवाल्याला बाप परत जोडतो. आमचा कापला की गेला. पुन्हा वर हेच म्हणणार, बघा, ह्यांना झेपत नाही!

आणि लपलेला दोष? 2007 साली थोरात समितीनं दिल्लीच्या एम्समध्ये काय आढळलं ते लिहून ठेवलं. दलित-आदिवासी पोरांना तोंडी परीक्षेत वेळ कमी, जातीची विचारपूस जास्त. मोजण्याचं यंत्रच बिघडलेलं असेल तर त्यातनं निघालेल्या आकड्याला गुणवत्ता म्हणायचं कशाला?

प्रोफेसरांचे गौरवअंक मी रद्दीतनं आणून वाचतो. इतके पेपर, इतके पीएच.डी., इतके परदेश दौरे, ह्या कमिटीवर, त्या कमिटीवर. एक रकाना मात्र कुठल्याच गौरवअंकात सापडला नाही: माझ्या वर्गातून किती पोरं कापली गेली, आणि त्यांतली किती फॉल्ट होती, किती नुसती भारानं वाकली होती. पॉवर सिस्टिमचा प्रोफेसर फळ्यावर लोड एन्क्रोचमेंटची आकृती काढतो, खडू झटकतो, आणि स्टाफरूममध्ये जाऊन तीच चूक रजिस्टरात करतो. ह्याला विद्वत्ता म्हणायचं?

प्रस्थापित म्हणतील, मग काय बिघडलेली लाईन चालू ठेवायची? पूल पडू द्यायचे? नाही बाबांनो. फॉल्ट असताना न कापणारा रिलेही नालायकच. त्यानं माणसं मरतात. आम्ही पहारेकरी उठवा म्हणत नाही. त्याला कोन बघायला शिकवा म्हणतो. तुमच्याच पुस्तकात लिहिलंय ते करा म्हणतो.

आणि हे शिकायला अमेरिकेला जायची गरज नव्हती. आमच्या सातारा जिल्ह्यानं ते आधीच सांगून ठेवलं होतं. 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर ह्या नावाचा एक पोरगा दाखल झाला. त्याला वेगळं बसवणाऱ्यांनी त्याचा कोन मोजला होता काय? 1919 साली कराड तालुक्यातल्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. किर्लोस्करांचे नांगर विकत फिरलेला हा माणूस. 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. कमवा आणि शिका म्हणाला. ह्या चार अक्षरांत मला विद्यापीठाचं आख्खं तत्त्वज्ञान दिसतं: पोराच्या अंगावरचं काम हा त्याचा दोष नाही, तो त्याच्या शिक्षणाचा भाग आहे. भार मोजून सेटिंग बदललेला रिले भाऊरावांनी फडक्यांच्या कितीतरी आधी चालवून दाखवला.

आणि बाबासाहेब! 1924 साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीपुढं त्यांनी लेखी साक्ष दिली. संशोधन एकीकडं आणि शिकवणं दुसरीकडं असं तोडू नका, दोन्हींचं नुकसान होईल. पोरांच्या डोक्यात माहिती कोंबू नका, त्यांना स्वतःचा विचार करायला लावा, असा त्या साक्षीचा गाभा. 1927 साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात विद्यापीठ बिलावर बोलताना म्हणाले की गरीब आणि गरजू ह्यांच्या दारापर्यंत वरचं शिक्षण नेणं हे विद्यापीठाच्या मूळ कामांपैकी एक. पुढं 1942 ते 1946 ते व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. वीजही त्यांच्याच खात्यात होती. 1943 सालच्या ऑक्टोबरात वीज-समितीपुढं त्यांनी विचारलं की वीज हवी कशासाठी, आणि उत्तर दिलं की ह्या देशातल्या माणसाला दारिद्र्याच्या फेऱ्यातून सोडवण्यासाठी. तेव्हा वीज, मजूर आणि विद्यापीठ ही तीन खाती मी जबरदस्तीनं जोडत नाही. ती एकाच माणसानं आधीच जोडून ठेवलीत.

आमच्याकडं मग काय झालं? सांगलीला 1947 साली इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, त्याला पुढं वालचंदांचं नाव मिळालं. कराडला 1960 साली सरकारी कॉलेज आलं. माझा भाऊ ह्या दोन्हींपैकी कुठं नव्हता, ते आधीच सांगतो. त्याच काळात हेळवाकला कोयनेचं धरण बांधलं. पाणी सह्याद्रीच्या पोटातनं पश्चिमेला उतरवलं, पोफळीला वीज काढली. सगळे टप्पे धरून आज 1960 मेगावॅट. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात दीडशेवर माणसं गेली. धरणात ज्यांची गावं गेली ते 2018 सालीही कोयनानगरला हक्कासाठी बसले होते. म्हणजे वीज मोजली, पाणी मोजलं, माणसांवरचा भार मोजायचा राहिला. मोजणाऱ्या यंत्राचं एक टोक कायम मुंबईत, दुसऱ्या टोकाला कधी यंत्र बसलंच नाही.

मित्रांनो, नुसत्या शिव्या देऊन भागणार नाही. मागा. प्रत्येक डिपार्टमेंटनं दरवर्षी दारावर बोर्ड लावावा: किती आले, कुठल्या वर्षाला किती कापले गेले, कुठल्या प्रवर्गातले. मोठ्या नावाच्या प्रोफेसरानं पहिल्या वर्षाला शिकवावं; जिथं पोरं तुटतात तिथं तो पाहिजे, पीएच.डी.च्या वातानुकूलित खोलीत नव्हे. तोंडी परीक्षेत आडनाव नको, नंबर पुरे. राबणाऱ्या पोरांसाठी प्रॅक्टिकल संध्याकाळी ठेवा. आणि पोरगा कापायच्या आधी एकदा त्याच्या खोलीवर जाऊन या.

भावानं त्या रात्री शेवटी एक सांगितलं. उघड्यावरच्या लाईनीवरचे बहुतेक फॉल्टसुद्धा तात्पुरते असतात. फांदी घासते, वीज चमकते, निघून जाते. म्हणून ब्रेकर उघडला की थोड्या वेळात तो आपोआप परत जोडून बघतो. साध्या तारेला दुसरी संधी आहे. ती यंत्रातच घडवलेली आहे, कुणाच्या दयेवर नाही.

तेवढ्यात क्रेन आली. आम्ही उठलो, हुक अडकवला, ट्रान्सफॉर्मर उचलला गेला. खाली उभं राहून मी बघत होतो. एवढं ओझं वर गेलं आणि कुणीही त्याला फॉल्ट म्हणालं नाही.

टोळीनं वर्गणी काढली. पोरानं परत फॉर्म भरलाय. आता बघू, ह्या खेपेला पहारेकरी काय मोजतो.

जयभीम.