पाण्यात राहून दम कोंडतो

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. फजरची नमाज आटोपून धाकट्याला घेऊन गंगेवर फिरायला गेलो होतो. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. जुन्या नाशकातल्या मुसलमान घरांतही "गंगेला पूर आला" असेच ऐकू येते.) होळकर पुलाच्या थोडे अलीकडे काठालगत पाणी बुडबुडत असल्यासारखे दिसले. जवळ जाऊन पाहिले तर लहानमोठे कितीतरी मासे तोंड वर काढून उघडमीट करत होते. धाकटा म्हणाला, "अब्बा, मासे दुआ मागताहेत का?"

मला हसू आले, पण ते फार टिकले नाही. माशांचा दम कोंडला होता. परत येताना त्याच जागी काही मासे पांढरे पोट वर करून तरंगत होते, आणि दोन पोरे ते पिशवीत भरत होती.

मासा पाण्यात राहतो म्हणजे त्याला श्वासाची चिंता नाही, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात श्वासाच्या बाबतीत त्याच्याइतका गरीब प्राणी कमीच. एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. एक लिटर स्वच्छ पाण्यात तो 20 अंश तापमानाला जेमतेम 9 मिलिग्रॅम मावतो आणि 30 अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणजे उन्हाळा आला की पाण्याची प्राणवायू धरून ठेवण्याची ताकद घटते. त्याच वेळी गरम पाण्यात माशाच्या शरीराची सगळी कामे वेगाने चालतात, म्हणून त्याला प्राणवायू जास्त लागतो. ताटातले कमी होत जाते आणि भूक वाढत जाते, अशी ही गत.

हे झाले स्वच्छ पाण्याचे. आपल्या गंगेत उन्हाळ्यात वाहते पाणी कमी आणि गटाराचे जास्त. सरस्वती नाला, वाघाडी, नासर्डी यांतून काय येते हे काठावर राहणाऱ्यांना सांगायला नको. सांडपाण्यातली घाण कुजवणारे जंतू पाण्यातलाच प्राणवायू वापरतात. वर पाणवेलींची चादर पसरली की उजेड खाली जात नाही आणि हवाही पाण्याला नीट भिडत नाही. दिवसा पाण्यातले शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करते, पण रात्री तेही आपल्यासारखेच श्वास घेते. त्यामुळे पहाटे, सूर्य वर येण्याच्या आधी, पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. धाकट्याने फजरनंतर जे पाहिले, ते दुपारी कदाचित दिसले नसते.

राहू-कटल्यासारख्या माशांना लिटरमागे 4-5 मिलिग्रॅम प्राणवायू असला की बरे चालते. तो 2 च्या खाली गेला की जिवावर बेतते. पण मासा एकदम मरत नाही, आधी झगडतो. संकटाची चाहूल लागताच काही सेकंदांत त्याच्या रक्तात अ‍ॅड्रेनलिन उतरते. कुत्रा अंगावर आला की आपल्या छातीत धडधडते, ते ह्याच द्रवामुळे. यकृतातली साठवलेली साखर रक्तात येते, म्हणजे पळायला, झगडायला बळ मिळते. त्यामागोमाग काही मिनिटांत दुसरे द्रव्य चढते, कॉर्टिसॉल. माणसातही ते असतेच. आपल्यात ते मूत्रपिंडावरच्या टोपीसारख्या ग्रंथीतून येते. माशाला तशी वेगळी टोपी नाही, त्याच्या मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागातल्या पेशी ते काम करतात.

एका बाबतीत मात्र मासा आपल्या उलट वागतो. आपला श्वास कोंडला की हृदय धावू लागते. प्राणवायू कमी पडला की बहुतेक माशांचे हृदय उलट मंद होते, पण प्रत्येक ठोका भरघोस पडतो. कल्ले मात्र जोरजोरात हलतात आणि कल्ल्यांच्या ज्या पाकळ्या एरवी विश्रांतीला असतात, त्यांतूनही रक्त फिरू लागते.

खरा पेच इथेच आहे. गोड्या पाण्यातल्या माशाचे रक्त नदीच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असते. कल्ल्यांची कातडी अतिशय पातळ, म्हणून प्राणवायू आत येतो. पण त्याच वाटेने पाणी आत घुसते आणि मीठ बाहेर गळते. मासा जितके जास्त कल्ले उघडतो, तितके मीठ जास्त गमावतो. म्हणजे श्वासासाठी दार उघडावे तर घरातला माल जातो, बंद करावे तर जीव जातो. मत्स्यबीज दूरवर नेणारे जाणकार पाण्यात थोडे मीठ घालतात, ते ह्याचसाठी. पोरांना वाटते मीठ जंतू मारायला घातले. तेवढ्यापुरते तेही खरे, पण माशाची ही गळती कमी व्हावी हा त्यातला मोठा भाग.

संकट तासाभराचे असेल तर हे सारे माशाला वाचवते. ते आठवडेच्या आठवडे टिकले तर तीच व्यवस्था त्याला पोखरते. कॉर्टिसॉल सतत चढलेले राहिले की मासा खात नाही, वाढत नाही, मादीच्या पोटात अंडी नीट भरत नाहीत, आजाराशी झुंजण्याची ताकद ओसरते. अंगावर कापसासारखी पांढरी बुरशी आलेले मासे पाहिलेत ना? ती बुरशी पाण्यात नेहमीच असते. ज्याची ताकद गेली त्यालाच ती धरते. घरात एखाद्या माणसावर वर्षानुवर्षे काळजीचा बोजा असला की त्याला सारखा सर्दी-ताप होतो, हे आपण पाहतोच.

सगळे मासे सारखेच सोसत नाहीत. मरळ आणि मांगूर यांना कल्ल्यांशिवाय हवेतला श्वास घेण्याची वेगळी सोय आहे. ते वर येऊन हवेचा घोट घेतात आणि काळ्या पाण्यातही तग धरतात. चिलापीही बरेच सोसते. म्हणून नदी बिघडत गेली तरी "मासे आहेत की" असे म्हणणारे भेटतात. कोणते मासे आहेत ते विचारा. आपल्याच जिल्ह्यात देवळालीजवळच्या दारणा नदीतून 1938 साली एका छोट्या माशाची शास्त्रज्ञांनी नोंद केली. त्याचे इंग्रजी नावच देवळालीवरून पडले आहे, देवळाली मिनो. आज तो नामशेष होण्याच्या काठावरच्या जीवांत गणला जातो. निफाडकडे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर जानेवारी 2020 मध्ये रामसर यादीत आल्याचे जाहीर झाले, महाराष्ट्रातली ती पहिली पाणथळ जागा. तिथल्या दुर्मीळ जीवांत ह्या माशाचेही नाव आहे. आपण तिथे जातो ते पक्षी पाहायला. त्या पक्ष्यांच्या पोटात जाणारे पाणी आणि मासे मात्र नाशिक शहराच्या खालून वाहत येतात.

आणखी एक गोष्ट ऐकून माझी बेगम चकित झाली. पहिला पाऊस पडला की माशांची सुटका झाली, असे आपण समजतो. पुष्कळदा मासे मरतात ते नेमके तेव्हाच. उन्हाळाभर नाल्यांत साचलेला गाळ एका सरीत नदीत येतो, तो कुजू लागतो आणि ढगाळ हवेत शेवाळही प्राणवायू कमीच बनवते. वरून धरणाचे पाणी सुटेपर्यंतचे ते दिवस फार वाईट.

आता त्या दोन पोरांच्या पिशवीकडे येऊ. स्वस्तात मिळाले किंवा फुकट मिळाले म्हणून असे मासे काही घरांत शिजतात, हे मला ठाऊक आहे. मासा हलाल आहे, त्याला जबह लागत नाही, हे तर लहान मूलही जाणते. पण आपोआप मरून वर तरंगलेला मासा हनफी मसलकात खात नाहीत, शाफई मसलकात चालतो. नाशकात हनफीही आहेत आणि कोकणी शाफई घराणीही, तेव्हा मसला आपापल्या उलेमांना विचारावा. मी सांगतो ते चुलीपुरते. तो मासा कशाने मेला हे तुम्हाला माहीत नसते. तोंड वासलेले आणि कल्ले फाकलेले असतील तर बहुधा दम कोंडून मेला, म्हणजे ज्या पाण्यात तो होता ते गटाराचे होते. आणि कोणी पाण्यात कीटकनाशक टाकले असेल तर ते रंगावरून कळत नाही. रस्सा कितीही उकळला तरी जंतू मरतील, विष नाही. मे महिन्याच्या उन्हात मेलेला मासा तासा-दोन तासांत नासायला लागतो, हे वेगळेच. बाजारातही डोळे खोल गेलेला, कल्ले विटलेला मासा हळद-मसाल्याने सुधारत नाही.

जाता जाता स्वतःची एक चूक सांगतो. त्याच आठवड्यात धाकट्याच्या हट्टाने काचेचे गोल भांडे आणि चार सोनेरी मासे आणले. पाणी गढूळ दिसले म्हणून मी एकदम सगळे काढून नळाचे ताजे पाणी भरले. संध्याकाळी दोन मासे गेले. नळाच्या पाण्यातले क्लोरीन कल्ल्यांची नाजूक कातडी जाळते आणि एकदम बदललेल्या तापमानाचा धक्का वेगळा. आता आम्ही नळाचे पाणी बादलीत दिवसभर उघडे ठेवतो आणि एका वेळी पाव हिस्साच बदलतो. भांडे गळ्यापर्यंत न भरता निम्म्याच्या वर ठेवतो, कारण हवेला भिडणारे पाणी तिथे सर्वांत रुंद असते. दाणे चिमूटभरच, कारण उरलेले कुजतात आणि माशाच्या विष्ठेबरोबर त्यांतूनही अमोनिया होतो, तोही कल्ल्यांनाच लागतो.

धाकटा हल्ली फजरला न उठवता उठतो. आधी भांड्यापाशी जाऊन मासे वर आलेत का ते बघतो, मग वजू करतो.