गुणी बाळ

आपल्याकडे तान्ह्या मुलाचे कौतुक करण्याची एक ठरलेली रीत आहे. मूल रडत नसेल, रात्री कुणाला उठवीत नसेल, पाजून ठेवले की निमूट झोपत असेल, तर घरातील वडीलधारी बाई म्हणते, "बाळ मोठं गुणी आहे हो!" या शब्दाविषयी माझ्याही मनात कधी शंका आली नव्हती. परिचर्येच्या अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षी बालरुग्ण विभागात काम करताना ती प्रथम आली.

तीन महिन्यांची एक मुलगी दाखल झाली होती. तक्रार एवढीच की तिला चार-चार दिवस शी होत नाही. सोबत आई आणि आजी. आजी सांगत होती, "सिस्टर, पोरगी इतकी गुणी, भूक लागली तरी रडत नाही. आम्हीच उठवून पाजतो." शेजारच्या खाटेवरील बाईनेही तसेच काही कौतुक कन्नडमध्ये केले. मुलीची जीभ जराशी बाहेर आलेली होती, बेंबी फुगलेली, कातडी कोरडी व गार; आणि रडलीच तर आवाज घोगरा. ही सारी लक्षणे मी पाठ केली होती, परीक्षेत लिहून गुणही मिळविले होते. पण ती समोर आली तेव्हा ओळखली आमच्या विभागातील जुन्या परिचारिकेने, मी नव्हे. रक्त तपासले तेव्हा कळले की मुलीच्या अवटु ग्रंथीचा, म्हणजे ज्याला आपण थायरॉइड म्हणतो तिचा, स्राव जवळजवळ नव्हताच. मुलीचा जन्म ज्या रुग्णालयात झाला, तेथून दुसऱ्या दिवशीच मायलेकींना घरी पाठविले होते आणि ही तपासणी कुणी केली नव्हती.

काही मुलांत ही ग्रंथी जन्मतः नसते, काहींत अपुरी किंवा भलत्या जागी असते, तर काहींत जागेवर असूनही काम करीत नाही. भारतात साधारणतः हजार-बाराशे जन्मांमागे असे एक मूल आढळते. या ग्रंथीतून निघणाऱ्या थायरॉक्सिन या संप्रेरकावर पहिल्या दोन-तीन वर्षांतील मेंदूची घडण अवलंबून असते. गर्भात आईच्या स्रावाचा थोडा वाटा मिळत असल्याने जन्माच्या वेळी बहुतेक मुले निरोगीच दिसतात. लक्षणे दिसू लागेपर्यंत आठवडे निघून जातात, आणि मेंदूच्या घडणीचे गेलेले आठवडे परत आणता येत नाहीत. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर मूल चारचौघांसारखे शिकते-सवरते. उशीर झाला तर अंगाची वाढ पुढे भरून निघते, पण बुद्धीत उणेपणा राहून जाऊ शकतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की लक्षणांची वाट पाहणे हीच मुळात चूक आहे. प्रत्येक नवजात मुलाची तपासणी झाली पाहिजे. टाचेच्या कडेला सुई टोचून रक्ताचे थेंब टिपकागदावर घ्यायचे, एवढीच ती तपासणी. टिपकागदाची ही युक्ती अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात दुसऱ्या एका विकारासाठी रूढ केली. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात डॉ. जाँ द्युसो यांनी १९७० च्या दशकात तिचा उपयोग अवटु ग्रंथीच्या विकारासाठी केला. आपल्या शेजारच्या गोव्याने २००८ साली नवजात मुलांच्या तपासणीचा सरकारी उपक्रम सुरू केला. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही हा विकार आला, पण 'ऐच्छिक' म्हणून. ज्या रोगात रोगी स्वतः तक्रार करीत नाही, उलट त्याच्या गप्प बसण्याचे कौतुकच होते, तेथे 'ऐच्छिक' याचा अर्थ बहुधा 'नाही' असाच होतो.

यावर खर्चाचा आक्षेप घेतला जातो. पण उपचार म्हणजे रोज एक स्वस्त गोळी. तिच्यासमोर एका मतिमंद राहिलेल्या मुलाचे आयुष्य आणि त्याच्या आईवडिलांचे म्हातारपण ठेवून पाहावे. दुसरी अडचण मात्र खरी आहे. जन्मताच काही तास शरीरातील संबंधित स्राव आपोआप वाढतात, म्हणून टाचेचे रक्त दोन दिवसांनंतर घेणे बरे. आणि आपल्याकडे बाळंतीण तर त्याआधीच घरी जाते. अशा वेळी जन्मसमयी नाळेचे रक्त घेऊन ठेवता येते. हे काम प्रसूतिगृहातील परिचारिकेचे आहे. रक्त घेणे, कागद नीट वाळविणे, अहवालाचा पाठपुरावा करणे, आणि गरज पडल्यास त्या घरी निरोप पोचविणे, यांतील एक दुवा निखळला तरी बाकीची सारी मेहनत फुकट जाते.

आता त्या मुलीकडे परत येते. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी आजी तपासणीस आली ती रागावूनच. "तुमच्या औषधानं पोरगी चिडकी झाली. रात्रभर रडते. मी म्हटलं, बंदच करूया." आमच्या परिचारिकाबाईंनी तिला जवळ बसविले आणि म्हणाल्या, "आजी, ती आजारी होती म्हणून रडत नव्हती. आता तिला भूक कळते, ओलं कळतं. रडतेय म्हणजे जागी झालीय." आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने पदराने डोळे पुसले व विचारले, "गोळी दुधातून द्यायची ना?" बाईंनी तिच्या हातानेच गोळी चमच्यात बारीक करवून घेतली, आईच्या थोड्या दुधात कालवून दाखविली, आणि बजावले की लोहाचे वा कॅल्शियमचे औषध याच वेळी देऊ नये, आणि डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज एक दिवसही खंड पडू नये.

त्या पाच मिनिटांत मी पुस्तकाच्या पूर्ण प्रकरणापेक्षा अधिक शिकले. त्या घरी मिळालेला सूचनांचा कागद इंग्रजीत होता. आजीला तो वाचता येत नव्हता, आईला अर्धामुर्धा. औषध लिहून देणारे डॉक्टर होते, पण ते चालू राहिले ते बाईंच्या मराठीमुळे. शेजारच्या खाटेवर त्याच बाई कन्नडमध्ये तितक्याच सहज बोलत. आपल्या या सीमाभागात परिचारिकेला दोन्ही भाषा येणे ही शोभेची गोष्ट नाही, ती उपचाराचाच भाग आहे. म्हणूनच आमच्या वर्गांत अंतःस्रावी ग्रंथींची यादी घोकून घेतली जाते तेव्हा वाटते, की हीच माहिती एखाद्या आजीला तिच्या भाषेत सांगून दाखवा, असा प्रश्न तोंडी परीक्षेत का असू नये?

माझे वाचक बहुतेक कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांचे आहेत; रुग्णालयाशी त्यांचा रोजचा संबंध नाही. पण बहिणीचे, वहिनीचे बाळंतपण प्रत्येकाच्या घरी होते. त्या वेळी पेढे वाटण्याआधी एवढेच विचारा, "बाळाची थायरॉइडची तपासणी झाली का? अहवाल कधी आणि कुणाकडे मिळेल?" उत्तर 'नाही' आले तर दोन आठवड्यांच्या आत ती करून घ्या.

त्यानंतर बाळाला खुशाल गुणी म्हणा.