दीड मिनिटातला सूर

2013 च्या जूनमध्ये डिस्नेच्या एका नव्या ॲनिमेशनपटाचा पहिला टीझर आला. हिममानवाला शिंक येते आणि त्याच्या नाकाचं गाजर उडून गोठलेल्या तळ्याच्या मधोमध जाऊन पडतं. पलीकडच्या काठावर एक रेनडिअर उभा असतो. त्याचाही गाजरावर डोळा. मग दोघांची घसरगुंडी सुरू होते. पाय फाकतात, हात निखळतात, बर्फावरून कुणालाच धड पुढे सरकता येत नाही. शेवटी गाजर रेनडिअरच्या तोंडी लागतं, पण तो ते खात नाही. लाडाने परत आणून देतो. गाणं नाही, गोष्टीचा धागा नाही. हा टीझर पाहून कुणीही म्हणालं असतं, की सुट्टीत मुलांना हसवणारा सिनेमा येतोय.

नोव्हेंबरात 'फ्रोजन' आला. त्यात होत्या आई-वडील समुद्रात गमावलेल्या दोन बहिणी. थोरली स्वतःच्याच हातांना घाबरून खोलीत कोंडून घेते, धाकटी वर्षानुवर्षं दाराबाहेरून हाका मारते. हिममानव आणि रेनडिअर होते, पण कथेच्या कडेला, आणि टीझरमधला गाजराचा प्रसंग तर सिनेमात नव्हताच. एल्सा आणि ॲना या दोघी बहिणींपैकी कुणीही त्या टीझरमध्ये दिसलं नव्हतं. ज्या गाण्याने पुढे ऑस्कर मिळवलं, त्याची चाहूलही नव्हती.

टीझरवरून सिनेमाचा सूर ओळखता येतो का, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. ॲनिमेशनवर लिहिते म्हणून नात्यातले, शेजारपाजारचे आई-बाप टीझर पाठवतात आणि खाली एकच ओळ लिहितात : 'नेऊ का?' परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. 'ताई, 'टॉय स्टोरी'चा पाचवा भाग येतोय. टीझर बघितलास? मागचा भाग घरी लावला तेव्हा चिनू शेवटी इतकी रडली, की पुन्हा तेच नको. याचा रंग कसा वाटतो तुला?' तिला फोनवर दिलेलं उत्तर आज जरा सविस्तर मांडते.

आधी टीझर बनतो कसा, ते पाहू. पहिला टीझर बहुधा प्रदर्शनाच्या बरेच महिने आधी येतो, कधी वर्षभर आधीही. त्या वेळी सिनेमा तयार नसतो. चित्रीकरण आटोपलं आणि मग संकलन सुरू झालं, असा प्रकार ॲनिमेशनमध्ये नाही. एखाद्या प्रसंगाचा स्टोरीबोर्ड अजून बदलत असतो, दुसऱ्यात पात्रं हलू लागलेली असतात पण प्रकाशयोजना व्हायची असते, तिसरा प्रसंग तेवढा पुरा झालेला असतो. पार्श्वसंगीत तर अगदी शेवटच्या टप्प्यात ध्वनिमुद्रित होतं. म्हणजे टीझरमध्ये ऐकू येणारं संगीत बऱ्याचदा त्या सिनेमाचं नसतंच. अशा वेळी प्रसिद्धी विभागापुढे दोन वाटा असतात. जे प्रसंग पुरे झालेत त्यांतून काहीतरी उचलायचं, नाहीतर फक्त टीझरसाठी एक वेगळा प्रसंग करायचा. गाजराची झटापट दुसऱ्या प्रकारातली.

शितावरून भाताची परीक्षा जरूर होते, पण शित त्याच भांड्यातलं असलं पाहिजे. म्हणून टीझर पाहताना माझा पहिला प्रश्न हाच असतो, की हा प्रसंग सिनेमातला वाटतो, की वेगळा रचलेला?

सिनेमातलाच प्रसंग दाखवला तर काय होतं, याचं सर्वांत ठळक उदाहरण 'द लायन किंग'. 1993 च्या नोव्हेंबरात, सिनेमा यायला काही महिने असताना, डिस्नेने त्याचा सुरुवातीचा अख्खा प्रसंगच चित्रगृहांत दाखवला. सूर्योदय, झुलू भाषेतली ती आरोळी, गवताळ माळावरून निघालेले कळप, कड्यावर उभा राजा, आणि रफिकीने दोन्ही हातांनी उंच उचललेला छावा. चार मिनिटांत ना नायकाची ओळख, ना खलनायकाची, ना एक विनोद. पण सिनेमा मोठ्या आवाक्याचा असणार, त्यात जन्म असेल तर मरणही असणार, हे त्या गाण्याने सांगून टाकलं होतं. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्या राजाचा, मुफासाचा मृत्यू पाहून प्रेक्षक हेलावले, पण आपली फसवणूक झाली असं कुणाला वाटलं नसावं. सूर पहिल्याच दिवशी लागलेला होता.

उलट टोकाला 'टँगल्ड'. 2009 मधल्या 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग'ला अपेक्षेइतका धंदा करता आला नाही. राजकन्येचं नाव ऐकून मुलगे फिरकत नाहीत, असा निष्कर्ष स्टुडिओने काढला. 'रापुंझेल' हे नाव बदलून 'टँगल्ड' झालं, आणि 2010 मध्ये आलेल्या टीझरमध्ये पुढे होता फ्लिन रायडर. रुबाबात मनोऱ्यात शिरणारा चोर आणि त्याला केसांनीच बदडून काढणारी मुलगी, असा सगळा धुडगूस. ॲलन मेंकेनच्या चालींचा हा संगीतपट आहे, हे त्यावरून कळायला मार्ग नव्हता. सिनेमाचं खरं दुखणं तर त्याहून लांब होतं. 'बाहेरचं जग वाईट आहे' असं गोड बोलून मुलीला अठरा वर्षं कोंडून ठेवणारी ती बाई, आणि तिचं बोलणं खरं मानून स्वतःलाच दोषी समजणारी मुलगी. हे ज्यांनी पाहिलं त्यांना तो टीझर आठवून नवल वाटतं. मला त्याचा रागच येतो. इतका समजूतदार सिनेमा हातात असताना तो लपवून का विकायचा?

मग वेगळा रचलेला टीझर नेहमी खोटा असतो का? मुळीच नाही. 2003 मध्ये 'फाइंडिंग नीमो'बरोबर 'द इन्क्रेडिबल्स'चा टीझर दाखवत. हाक येते, मिस्टर इन्क्रेडिबल जुना पोशाख चढवतो, आणि कंबरेचा पट्टा पोटावर काही केल्या बसत नाही. तो श्वास ओढतो, पोट आत घेतो, टेबलाला रेटा देतो, घाम पुसतो. प्रेक्षक पोट धरून हसतात. हा प्रसंग मुद्दाम टीझरसाठीच केलेला. पण नीट पाहिलं तर दिग्दर्शक ब्रॅड बर्डचा सगळा सिनेमा त्या पट्ट्यात आहे. कर्तृत्वाचे दिवस सरलेत, विमा कंपनीतल्या टेबलामागे अंग मावत नाही, आणि जुना पोशाख खुणावतोय. विनोद कुठून निघतो ते पाहावं, असं मी म्हणते ते यासाठी. पात्राच्या अडचणीतून हसू निघत असेल, तर टीझर सिनेमाबद्दल खरं बोलतोय. नुसत्या आपटाआपटीतून निघत असेल, तर फार हाती लागत नाही.

दुसरी गोष्ट शांततेची. 2019 च्या फेब्रुवारीत 'फ्रोजन 2'चा टीझर आला, तेव्हा त्याच स्टुडिओने उलटा रस्ता धरला होता. अंधारलेला समुद्रकिनारा. एल्सा एकटी. ती लाटांच्या दिशेने धावत सुटते, पायाखालचं पाणी गोठत जातं, लाट अंगावर येते आणि तिला मागे फेकते. ती उठते, पुन्हा धावते. संवाद जवळजवळ नाहीतच. हिममानवाला त्यात कामच नव्हतं. पहिल्या भागाच्या प्रेक्षक मुली आता मोठ्या झाल्यात आणि सिनेमाही त्यांच्याबरोबर मोठा झालाय, हे एका वाक्याविना कळत होतं. टीझर जिथे गप्प राहतो, तिथे दिग्दर्शकाचा प्रेक्षकावर विश्वास असतो. सतत बडबडणाऱ्या टीझरमध्ये मला विक्रेत्याचा आवाज जास्त ऐकू येतो.

तिसरी गोष्ट हालचालीची, आणि ती फक्त ॲनिमेशनमध्येच पाहता येते. पडद्यावर एका सेकंदाला 24 चौकटी सरकतात. 2017 च्या डिसेंबरात 'स्पायडर-मॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स'चा टीझर आला, तेव्हा नायक माइल्स मोरालेसची हालचाल किंचित अडखळत असल्यासारखी वाटत होती. कारण बऱ्याच ठिकाणी त्याची मुद्रा प्रत्येक चौकटीत बदलण्याऐवजी दर दोन चौकटींनी बदलत होती. वेगात हलणाऱ्या आकृतींच्या कडा पुसट केलेल्या नव्हत्या. सावल्यांमध्ये जुन्या कॉमिकच्या छपाईतले ठिपके होते. गोष्ट काय आहे हे फारसं कळत नव्हतं, तरी एक कळत होतं : हात अजून न बसलेल्या पोराची ही गोष्ट आहे, आणि ती सांगणारे लोक धाडस करायला तयार आहेत. वर्षभराने सिनेमा आला तेव्हा दोन्ही अंदाज खरे ठरले, आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्करही त्यालाच मिळालं.

आणि एका स्टुडिओने टीझरच नाकारला. 14 जुलै 2023 रोजी हायाओ मियाझाकी यांचा 'द बॉय अँड द हेरॉन' जपानमध्ये प्रदर्शित झाला तो टीझर, ट्रेलर, जाहिरात, काही न करता. एका पक्ष्याच्या चित्राचं फक्त एक पोस्टर. निर्माते तोशिओ सुझुकी यांचं म्हणणं असं, की आधीच सगळं दाखवलं की पाहण्यातला आनंद निघून जातो. युद्धकाळातल्या आगीत आई गमावलेल्या मुलाची ती गोष्ट लोकांनी कोऱ्या मनाने पाहिली. हे सगळ्यांना परवडणारं नाही. मियाझाकींच्या नावावर रांग लागते, नवख्याच्या लागत नाही. पण प्रेक्षकाच्या कुतूहलाचा इतका मान राखणारं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आता चिनूच्या आईच्या प्रश्नाकडे. 'टॉय स्टोरी 5'चा टीझर 11 नोव्हेंबर 2025 रोजी आला. सिनेमाच्या प्रदर्शनाची तारीख 19 जून 2026. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन, म्हणजे 'फाइंडिंग नीमो' आणि 'वॉल-ई' करणारे. टीझरमध्ये, खेळणी जिची आहेत त्या बॉनीच्या घरी एक पार्सल येतं. आत असतो बेडकासारखा दिसणारा टॅबलेट, नाव लिलीपॅड. खेळणी हादरतात. खेळण्यांचे दिवस संपले का, असा प्रश्न पडद्यावर येतो. मागे 'आयएनएक्सएस' या ऑस्ट्रेलियन बँडचं ऐंशीच्या दशकातलं ताटातुटीविरुद्धचं एक प्रेमगीत वाजत असतं.

माझे निकष लावून पाहते. प्रसंग सिनेमाच्या कथेतलाच वाटतो, वेगळा रचलेला नाही. हसू खेळण्यांच्या भीतीतून निघतं, म्हणजे ते खऱ्या अडचणीतून आलंय. गाणं उसनं आहे, पण ते निवडणाऱ्याचा रोख स्पष्ट आहे : विषय पुन्हा साथ सुटण्याचाच. चौथ्या भागाच्या पहिल्या टीझरची इथे आठवण होते. त्यात खेळणी हातात हात घालून निळ्या आभाळाखाली संथपणे फेर धरत होती, मागे जूडी कॉलिन्सचा आवाज होता, आणि मधूनच फोर्की हे नवं खेळणं 'मी इथलं नाही' म्हणत फेर मोडत होतं. सगळे हसले. सिनेमाच्या शेवटी खरोखरच फेर मोडला आणि खेळण्यांचा म्होरक्या वूडी निघून गेला. तेव्हा बहिणीला मी सांगितलं ते असं : हसशील भरपूर, पण रुमाल बरोबर ठेव. हा माझा अंदाज आहे, आणि सिनेमा पाहून तो तपासता येईल.

पण चिनूला घरी ठेवायचा सल्ला मी दिला नाही. आपल्याकडे अजूनही 'कार्टून आहे, मुलांना बसवा' म्हणतात, आणि त्याच तोंडाने 'कार्टून असून रडवतं कसं?' अशी तक्रारही करतात. 2025 मध्ये 'महावतार नरसिंह'ला आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे गेले, सिनेमाने 300 कोटींहून अधिक कमाई केली, तरी ही समजूत पुरती गेलेली नाही. ॲनिमेशन ही सिनेमा करायची एक पद्धत आहे. तिच्यात हसण्याइतकीच रडण्याला, भीतीला, विरहाला जागा आहे. मुलांना दुःख सोसत नाही, असं नाही. दुःख येतंय हे न सांगता त्यांना तिथे नेऊन बसवलेलं मात्र सोसत नाही.

म्हणून आई-बापांना एवढंच सांगणं आहे. पुढचा टीझर आला की तो आधी एकटे पाहा, आणि एकदा आवाज बंद करूनही पाहा. संगीत गेलं की काय उरतं, चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ थांबतो, हसू कुणाच्या अडचणीतून येतं, हे लक्षात घ्या. मग मुलांना शेजारी बसवून तोच टीझर दाखवा, आणि सिनेमात काय होईल असं वाटतं, ते त्यांना विचारा. त्यांचं उत्तर मन लावून ऐका, आणि तिकीट त्यानंतर काढा.