मापात पाप

‘मापात पाप’ ही मराठीतली जुनी जोडी आहे. दुधात पाणी घालणारा, पारड्याखाली चिंच चिकटवणारा, मापट्याच्या तळाला पोचा पाडून ठेवणारा, अशा सगळ्यांना ती लागू पडते. किलोभर साखर नऊशे ग्रॅम भरली तर आपण दुकान डोक्यावर घेतो. मग मोबाइलवरून मागवलेला ‘एल’ लिहिलेला कुर्ता छातीत दोन इंच कमी निघाला, की आपण गप्प का बसतो? गप्पच बसत नाही, आरशासमोर उभं राहून स्वतःला म्हणतो, “फार सुटलेय मी हल्ली.” पाप मापात आणि शिक्षा अंगाला!

घरबसल्या कपडे विकणाऱ्या बाजारात आज जे चाललं आहे, त्याला ‘साइझमध्ये थोडा फरक पडतोच’ असं म्हणणं आपण आता सोडलं पाहिजे. ते खोटं माप आहे. ज्या गुन्ह्यासाठी आपण वाण्याला धारेवर धरतो तोच गुन्हा इथे गोड इंग्रजी अक्षरांत चालतो.

या अक्षरांचा अर्थ तरी काय? एका ब्रँडचा ‘एम’ छत्तीसचा, दुसऱ्याचा अडतीसचा. एकाच ॲपवर, एकाच दिवशी, एकाच पार्सलमधून आलेल्या दोन ‘एम’ कुर्त्यांपैकी एक डोक्यातून उतरत नाही आणि दुसऱ्यात आणखी एक माणूस मावेल. बरं, छत्तीस तरी कशाचे? अंगाचे की कपड्याचे? हा प्रश्न किरकोळ नाही. छत्तीस इंच छातीच्या बाईला छत्तीस इंची कुर्ता होत नाही. श्वास घ्यायला, हात वर करायला अंगापेक्षा दोन-चार इंच जास्त लागतात. शिवणारे त्याला लूजिंग म्हणतात. आकडा अंगाचा असेल तर कपडा चाळीसचा हवा, कपड्याचा असेल तर ती साइझ चौतीसच्या बाईची. किती पानांवर हे स्पष्ट लिहिलेलं असतं? खाली एक तक्ता असतो, तोही पुष्कळदा ॲपचा ठरावीक, सगळ्या विक्रेत्यांना एकच. माल सुरतेत शिवलेला असो की दिल्लीत, तक्ता तोच. कापडाला टेप न लावता लिहिलेला तक्ता.

आपल्याकडच्या बायकांना हे लवकर कळायला हवं, कारण त्यांच्या घरात खऱ्या मापाचा एक कपडा आहे: अबाया. अबायाचे नंबर ५२, ५४, ५६, ५८ असे येतात. खांद्यापासून खालच्या काठापर्यंतची लांबी, इंचांत. ५४ म्हणजे चोपन्न इंच, त्यात ना एस, ना एम. दुकानात बाई म्हणते, “बावन्न दाखवा,” आणि विषय संपतो. हाच अबाया ॲपवर गेला की ‘एल’ होतो, ‘एक्सेल’ होतो, फारच झालं तर ‘फ्री साइझ’. पाच फुटांच्या बाईला छप्पन्नचा अबाया आला तर तिने तो चालताना सांभाळायचा की जिना चढताना? “अबाया ढगळच असतो, त्यात माप कसलं?” असं पुरुष सहज बोलून जातात. शोल्डर उतरला की गळा मागे ओढला जातो, बाही आखूड पडली की मनगट उघडं पडतं. जिने तो कपडा ज्या हेतूने घेतला, तो हेतूच फसतो. मापाची गरज तंग कपड्याला जितकी, तितकीच ढगळ कपड्यालाही असते.

कुणी म्हणेल, कारखान्यात माणसं काम करतात, थोडं इकडे-तिकडे होणारच. होतं, मान्य. कापडाचे कित्येक थर एकावर एक ठेवून एकदम कापले जातात, वरच्या आणि खालच्या थरात थोडा फरक पडतो. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. शिलाईत अर्धा इंच जातो-येतो. या कारणांनी अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक समजू शकतो. दोन ब्रँडच्या ‘एल’मधले तीन-चार इंच त्यातून येत नाहीत. ते येतात, कारण ‘एल’ म्हणजे किती हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवलं आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, इथे अंथरूणच दर दुकानात बदलतं.

हे सोयीचं गणित जुनं आहे. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सरकारी खात्याने सुमारे पंधरा हजार स्त्रियांची मापं घेतली. तयार कपड्यांना एक शास्त्रीय पाया मिळावा हा उद्देश. पण हिशेबात धरल्या फक्त गोऱ्या स्त्रिया. बाकीच्यांची शरीरं जणू कपडे घालतच नव्हती. १९५८ मध्ये त्या आकड्यांच्या आधारे साइझचं प्रमाण जाहीर झालं, पुढे ते ऐच्छिक झालं आणि १९८३ मध्ये मागेच घेतलं गेलं. मग कंपन्यांनी नवी युक्ती काढली. कंबर तीच ठेवायची, आकडा लहान छापायचा. गिऱ्हाइकाला वाटतं आपण बारीक झालो, आणि खूश होऊन ती खरेदी करते. याला तिकडे ‘व्हॅनिटी सायझिंग’ म्हणतात. मराठीत सांगायचं तर गिऱ्हाइकाला हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. तिथल्या आणि विलायतेच्या त्या साइझा आपल्या बाजाराने उचलल्या. अंग इथलं, साचा तिथला.

आपल्याकडे वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळाने निफ्ट या संस्थेने ‘इंडिया साइझ’ प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांत, १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, अशी त्याची आखणी. काम चांगलं आहे, त्याचं स्वागतच. पण त्याची वाट पाहत बसा, असं कुणी सांगितलं तर मला ते पटत नाही. अमेरिकेचा धडा हाच की तक्ता कितीही शास्त्रीय असला तरी पाळणं ऐच्छिक असेल तर त्याची रद्दी होते. आणि आपली मागणी त्याहून कितीतरी साधी आहे. कपडा सपाट जागेवर पसरा, टेप लावा, छाती, कंबर, सीट, शोल्डर, बाही आणि लांबी किती आहे ते लिहा. याला स्कॅनर लागत नाही. वीस रुपयांची टेप लागते आणि थोडी नियत.

मग हमखास येणारं उत्तर: “रिटर्न करता येतं ना! मग तक्रार कसली?”

या ‘रिटर्न’चा खर्च कोण भरतं ते पाहू. तालुक्याच्या गावात सगळ्या पिनकोडवर परतीचा माणूस येतोच असं नाही. आला तर तो येईपर्यंत बाईने घरी थांबायचं. घरपोच रोख पैसे दिले असतील तर ते परत येतात बँकेच्या खात्यात, आणि खातं अनेक घरांत नवऱ्याचं किंवा मुलाचं असतं. म्हणजे चारशे रुपयांच्या कुर्त्यासाठी घरात खुलासा द्यायचा. काही ठिकाणी तर एकाच कपड्याचे दोन भाव दाखवतात: परत करता येईल तो जास्त, फक्त चुकीचा किंवा खराब माल निघाला तरच परत घेऊ तो कमी. गरीब बाई कुठला भाव निवडते, हे सांगायला हवं का? आणि त्या कमी भावात ‘साइझ बसली नाही’ हे कारण चालत नाही. खोटं माप देणारा सुटला, स्वस्त घेणारी अडकली. शिवाय ईदच्या चार दिवस आधी आलेला कपडा बदलून येईपर्यंत ईद होऊन जाते. लेकराला शिरखुर्मा पिताना जुना झब्बा घालायला लावल्याची भरपाई कोणत्या खात्यात जमा होते?

दुसरं उत्तर त्याहून लागणारं: “मग दुकानात जा, घालून बघून घ्या.” हे बोलणाऱ्यांनी आपल्या गावातली कपड्यांची दुकानं एकदा बाईच्या नजरेने पाहावीत. कित्येक ठिकाणी घालून बघायला जागाच नाही. असली तर पडदा अर्धवट, बाहेर पोरं उभी, वर छुप्या कॅमेऱ्याची धास्ती. काउंटरवरचा पुरुष नजरेने अंग मोजून म्हणतो, “तुम्हाला डबल एक्सेल लागेल.” घरबसल्या खरेदीने या अपमानातून बायकांना सोडवलं. पर्दा पाळणारी असो, बाळंतीण असो, जाड असो, चालता न येणारी असो, तिला आपल्या खोलीत, आपल्या आरशासमोर, आपल्या पसंतीचा कपडा घालून बघता आला. ही सोय मोलाची आहे, म्हणूनच तिच्यातली फसवणूक जास्त झोंबते. मला घरबसल्या खरेदी बंद व्हायला नको, प्रामाणिक व्हायला हवी आहे.

आता थोडं आपल्या घरातलं. कुरआनात मापाचा विषय किती ठिकाणी येतो हे आपल्याला ठाऊक आहे. हजरत शुऐब (अ.) यांनी मदयनच्या लोकांना एकेश्वरत्वाच्या हाकेबरोबर जे बजावलं ते माप आणि वजन पुरं देण्याविषयी होतं. ८३ वी सूरह ‘अल-मुतफ्फिफीन’ हिचं नावच मापात मारणाऱ्यांवरून पडलं आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आत ओल लागली, तेव्हा ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असं विक्रेत्याला विचारलं. ही हदीस आपण व्याख्यानात नेहमी ऐकतो. मोबाइलवरच्या फोटोतला कुर्ता म्हणजे राशीचा वरचा कोरडा थर. आतली ओल पार्सल फोडल्यावर हाताला लागते.

फिक्हने तर या प्रश्नाला शेकडो वर्षांपूर्वी हात घातला आहे. हनफी फिक्हमध्ये ‘खियार-ए-रूयत’ म्हणून एक हक्क आहे. वस्तू न पाहता सौदा केला असेल, तर पाहिल्यावर तो ठेवायचा की मोडायचा हे ठरवण्याचा अधिकार खरेदीदाराला आहे. दोष सिद्ध करण्याची सक्ती नाही, पाहिलं आणि पसंत पडलं नाही एवढं पुरे. कोकणातल्या आपल्या शाफई बांधवांच्या फिक्हमधलं प्रचलित मत याहून कडक आहे, न पाहिलेल्या वस्तूचा सौदाच ते ग्राह्य मानत नाही. मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण ज्या परंपरेत एवढा बारीक विचार झाला, तिच्यात वाढलेल्या माणसाने रमजानमध्ये व्हॉट्सॲपवर ‘अबाया, शरारा, पाकिस्तानी सूट, फ्री साइझ, नो रिटर्न नो एक्स्चेंज’ असा संदेश टाकावा आणि खाली ‘माशाअल्लाह’ लिहावं, हे मला खुपतं. घरातून धंदा करणाऱ्या आपल्या भगिनींचं मला कौतुक आहे. त्यांच्या कमाईवर घरं चालतात, मुली शिकतात. त्यांना बुडवायचं नाही. ‘फ्री साइझ’च्या जागी ‘छाती ४४, लांबी ५४’ लिहायला दोन मिनिटं लागतात. तेवढी दोन मिनिटं मागतेय.

शिंपीकाम करणारे संत नामदेवांना आपले मानतात, मुस्लिम दर्जी आपलं नातं हजरत इद्रीस (अ.) यांच्याशी जोडतात. दोन्हीकडे या कामाला मान आहे. दर्ज्याच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान वेगळं असतं, आणि चूक झाली तर तो उसवून पुन्हा शिवतो. “तुमचंच अंग चुकलं,” असं म्हणणाऱ्या दर्ज्याकडे कुणी दुसऱ्यांदा जात नाही. मोठ्या बाजारालाही हाच नियम लावायला काय हरकत आहे?

कायदाही अगदी मुका नाही. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांत २०२२ मध्ये बदल झाला. सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना बऱ्याच मजकुरातून सूट मिळाली, पण एस, एम, एल या खुणेबरोबर साइझ सेंटिमीटर किंवा मीटरमध्ये द्यावी, हे कायम राहिलं. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार, जाहिरातीत सांगितलेल्या गुणांप्रमाणे माल नसेल तर विक्रेता तो परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. हे दोन धागे जोडा. पानावर लिहिलंय छाती १०२ सेंटिमीटर आणि टेप दाखवते ९४, तर ‘साइझ बसली नाही’ हे कारण निवडू नका. ‘माल वर्णनाप्रमाणे नाही’ हे निवडा. टेप लावलेला फोटो जोडा. ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. शब्द बदलला की बाजू बदलते. पहिल्या वाक्यात दोष तुमच्या अंगाचा, दुसऱ्यात त्यांच्या मापाचा.

सरकारकडे मागणी एकच ठेवू: कपड्याच्या आतल्या लेबलवर जे सेंटिमीटर लागतात ते खरेदीच्या पानावर, पैसे भरण्याआधी दिसले पाहिजेत, आणि ते अंगाचे की कपड्याचे, हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. पार्सल फोडल्यावर कळणारं माप काय कामाचं?

आणि घरात मुलगी असेल तर तिला टेप धरायला शिकवा. आपल्या अंगाचे आकडे तिला लाज न वाटता माहीत असू देत, फोन नंबर असतो तसे. चाळीस हा आकडा आहे, चारित्र्याचा दाखला नाही. कपडा झाला नाही तर तिने म्हणावं, “हा कपडा चुकीचा आहे.” आपल्या पिढीतल्या बायकांनी हे वाक्य फार उशिरा शिकलं, तिला ते पहिल्या पार्सलपासून येऊ दे.