साबण, रिठा आणि आमच्या विहिरीचें पाणी

गेल्या महिन्यांत माझ्या हातून सूनबाईंवर एक अन्याय घडला. "धुण्याच्या साबणाची वडी आठ दिवसांत संपते कशी? हात जरा आंखडता घ्यावा," असें मी चौघांदेखत बोललों. तिनें उलट उत्तर दिलें नाहीं. विहिरीच्या पाण्याची बादली व नवी वडी माझ्यापुढें ठेवून "मामंजी, आपणच फेंस काढून दाखवावा," इतकेंच ती म्हणाली. मी बराच वेळ घांसत बसलों. फेंस आला नाहीं. पाण्यावर राखट, चिकट साय मात्र धरली.

ही साय म्हणजे काय, हें पाहण्यासाठीं साबणाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. त्याच्या प्रत्येक रेणूचें डोकें जलप्रिय, तर लांब शेंपटी जलद्वेष्टी. म्हणून जेथें पाणी संपून हवा किंवा तेल सुरू होतें, त्या सीमेवर हे रेणु डोकें पाण्यांत व शेंपटी बाहेर करून दाटीनें उभे राहतात. त्यांस कोणी रांगेंत उभें करीत नाहीं. ज्याची त्यानें सोय पाहिली कीं रांग आपोआप लागते. सीमेवरील जागा भरली म्हणजे उरलेले रेणु पाण्यांतच, शेंपट्या आंत व डोकीं बाहेर करून, गोल पुंजके बांधतात. तेलकट मळ ह्यांच्या पोटांत सामावतो. साबण अधिक दाट झाला तर पुंजके लांबून दंडगोल होतात, आणि पुढें थरावर थर रचले जातात. वडी ओली राहिली म्हणजे तिच्या बुडाशीं जो लगदा जमतो, धड घन नव्हे व धड द्रवही नव्हे, त्यांत अशीच शिस्तबद्ध रचना असते. आपण तो निरसून फेंकून देतों!

पुंजक्यांची ही कल्पना 1913 च्या सुमारास ब्रिस्टल येथील रसायनज्ञ जे. डब्ल्यू. मॅकबेन यांनीं मांडली. लंडनच्या विद्वत्सभेंत अध्यक्षांनीं ती मूर्खपणाची ठरविली, अशी गोष्ट सांगतात. आनंदाची गोष्ट ही कीं, 1950 सालीं पुण्यास उघडलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक हेच मॅकबेन होते. त्या वेळीं त्यांची साठी केव्हांच उलटली होती. आम्हां निवृत्तांस हा तपशील विशेष गोड वाटतो.

आतां आमच्या कुंभारीचें पाणी. काळ्या पाषाणांतून पाझरलेल्या पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार उतरतात. कॅल्शियमचा एक कण साबणाच्या दोन रेणूंचीं डोकीं धरून ठेवतो; ती जोडी पाण्यांत विरघळत नाहीं व पुंजकाही बांधीत नाहीं. तीच वर तरंगणारी साय. हे क्षार साबणाचा वाटा घेऊन तृप्त होईपर्यंत फेंस येत नाहीं. चुनखडीच्या मापानें दर लिटरास 300 मिलिग्रॅम क्षार धरले, तर 15 लिटरांच्या बादलींत सुमारें 27 ग्रॅम साबण मळास न शिवतांच खर्ची पडतो. हा त्रैराशिकाचा हिशेब मीं जन्मभर मुलांस शिकविला, आणि घरांत तोंड उघडण्यापूर्वीं एकदांही मांडून पाहिला नाहीं.

रिठ्याची गोष्ट निराळी. त्याच्या टरफलांतील सॅपोनिनाच्या रेणूस साखरेचे रेणु जडलेले असतात व तोच भाग पाण्याकडे ओढ घेतो. कॅल्शियमशीं त्याची साबणासारखी गांठ पडत नाहीं. शिवाय हे रेणु पाण्याच्या पृष्ठभागावर एकमेकांस धरून लवचीक कातडें विणतात, त्यामुळें फेंस बराच वेळ टिकतो. आमच्या मातोश्री रेशमी वस्त्रांस रिठाच लावीत.

सुती कपड्यांसाठीं सूनबाई आतां आधीं धुण्याचा सोडा घालते व क्षार तळाशीं बसल्यावर वरच्या निवळ पाण्यांत साबण लावते. रेशीम व लोंकर यांस मात्र सोडा लावूं नये. ह्या खेपेस वडी सोळा दिवस पुरली, आणि तें मीं चौघांदेखतच सांगितलें.