लेहेंग्याचा खिसा

फॅशन डिझायनर अनिता डोंगरे यांच्या यशाचं श्रेय नुसत्या कलादृष्टीला देणं मला अपुरं वाटतं. १९९५ मध्ये मुंबईत दोन शिलाई मशिनांवर त्यांनी बहिणीच्या साथीनं सुरुवात केली, तेव्हा नोकरीला निघालेल्या बाईला साजेसे, परवडणारे पाश्चात्त्य कपडे दुकानांत सहज मिळत नव्हते. ही गरज त्यांनी हेरली आणि धंदा तिच्यावरच उभा केला. त्यांच्या भरजरी लेहेंग्यालाही खिसा असतो. मोबाइल, रुमाल आत आणि हात मोकळे. नेसणारीचा एवढा विचार किती जण करतात? कुणी म्हणेल, घरच्यांनी हात दिला म्हणून जमलं. दिलाच, पण पुरुषांच्या धंद्यातही घर राबतं, तिथं आपण त्याचा हिशेब मांडत नाही. आणि पालघर जिल्ह्यातल्या चारोटीत बायकांना गावातच शिलाईचं काम मिळालं, तेही याच धंद्यातून.